ढवळे नामदेव किसन, अपक्ष

हदगावच्या स्टँडवर मला सगळे आमदार म्हणतात. "आमदार, नंबर लागला तुमचा, गाडी काढा," असं कुणी ओरडलं की बाहेरगावचा माणूस दचकून बघायचा. त्याला दिसायचा तो काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर कुणाचं तरी गाठोडं बांधणारा मी. आमदार मी कधीच झालो नाही. विधानसभेला मात्र वर्षानुवर्षं उभा राहिलो आणि प्रत्येक वेळी पडलो. हदगाव ते हिमायतनगर जीप चालवणं हे माझं पोट आणि निवडणुकीला उभं राहणं हे माझं काम, असं मी धरून चाललो. पोटाचा धंदा आता गुडघ्यांनी बंद करायला लावला. दुसऱ्या कामाबद्दल लिहायला बसलो आहे.

माझ्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आता मला हाक मारून चहा पाजतात, उगाच कुणाची मान खाली जायला नको.

हे काम मी हौसेनं धरलं नाही. माझे वडील, किसन ढवळे, श्रावणात वारले. आमच्या बौद्ध वस्तीचा मसणवटा नाल्याच्या पलीकडं. तिथं जायला रस्ता नव्हता, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, रंगरावांच्या, वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायची वहिवाट होती. त्या वर्षी धुऱ्याला तार लागली होती. आम्ही त्रिशरण म्हणत तिरडी घेऊन निघालो आणि तारेपाशी थांबलो. पलीकडं रंगरावांची भावकी उभी होती.

"पीक उभं हाय. तुडवू देणार न्हाई," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"धुऱ्यानं जाऊन राहिलो, पिकातून न्हाई. आमचे आजे-पणजे इथूनच गेले," मी म्हणालो.

"ते आमच्या मर्जीनं गेले."

रंगराव स्वतः मागं उभे होते. ते काही बोलले नाहीत. ज्या वावरात माझ्या बापानं जन्मभर निंदणी-खुरपणी केली, त्याच वावराच्या कडेला त्याची तिरडी आम्ही खाली ठेवली. पोलीस ठाण्यातला जमादार आला. त्यानं आम्हालाच समजावलं, की वाढवू नका, दुसरी सोय बघा. ऊन उतरेपर्यंत बोलणी चालली. माझी बायको सुमन वडिलांच्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होती. शेवटी डांबरी सडकेच्या कडेला सरकारी पडीक जागेत सरण रचलं. धूर सडकेवर गेला. हिमायतनगरची एसटी आली तेव्हा आतल्या लोकांनी भराभर खिडक्या लावून घेतल्या. मला त्या लोकांचा राग नाही आला. त्यांना काय ठाऊक. पण त्या खिडक्यांचा आवाज माझ्या कानात राहिला.

मग मी अर्ज केले. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा. सगळीकडं उत्तर एकच, बघतो. त्या वेळच्या आमदारांच्या बंगल्यावर गेलो, तर ते मुंबईला गेले होते, आणि मुंबईहून आल्यावर ते लग्नाला गेले. हिमायतनगरच्या स्टँडवर हबीबभाईंचं चहाचं हॉटेल होतं. तिथं मी हे सगळं सांगत बसलो होतो. हबीबभाई कपबशा धुता धुता म्हणाले, "अरे नामदेव, तू खुदच खडा हो जा आमदारकी कू. फिर सब सुनते तेरी."

ते थट्टेनं म्हणाले. हॉटेलातले सगळे हसले. मी घरी येऊन सुमनला सांगितलं, तर ती हसली नाही.

"आपल्याला कोण मत देईल?" तिनं विचारलं.

"कोणी न्हाई."

"मग कशाला उभं राहायचं?"

"पडलो तरी सांगून तर होईल."

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग उभं राहा. पण रडत करायचं न्हाई."

अपक्ष उमेदवाराचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. अर्ज भरला की झालं, असं लोक धरून चालतात. अर्जावर मतदारसंघातल्या दहा मतदारांनी सूचक म्हणून सही करावी लागते, आणि खरी चढण तिथंच असते. कानात "मत तुलाच हाय बाबा" म्हणणारी माणसं शेकड्यानं मिळतात. सहीला पेन पुढं केला की त्यांना म्हशीचं दूध काढायचं आठवतं. त्यांचंही खरं आहे. मत पेटीत जातं, कुणाला दिसत नाही. सही दिसते. दुसऱ्याच्या वावरात कामाला जाणाऱ्याला दिसणं परवडत नाही. पहिल्या वेळी माझी दहावी सही हबीबभाईंनी केली. हॉटेल बंद करून ते हदगावला आले आणि बोलले, "मजाक मइच किया था, तो दस्तखत भी मइच करता."

मग चिन्ह. मोठ्या पक्षांची चिन्हं ठरलेली. आम्हाला निवडणूक आयोगाच्या उरलेल्या चिन्हांतून मिळतं. मला एकदा शिवणयंत्र मिळालं, एकदा फुलकोबी. फुलकोबीच्या वेळी जीपच्या टपावर खरी कोबी बांधून फिरलो. ती उन्हानं काळी पडली, पण लोक लांबून ओळखायला लागले. एकदा दुर्बीण मिळाली. एका गावात एक म्हातारी पारावर बसली होती. तिला पत्रक दिलं, तर तिनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं.

"हे काय म्हनावं?"

"दुर्बीण, आजी. लांबचं जवळ दिसतं त्यातून."

"मला जवळचंच दिसंना. तू कशाला उभा हायस?"

मी तिला मसणवट्याच्या रस्त्याचं सांगितलं. ती मराठ्याच्या घरची होती. तिनं पत्रकाची घडी घातली आणि म्हणाली, "मेल्या मानसाला अडवावं का बाबा कुनी?" मत मात्र तिनंही मला दिलं नाही. निकालात त्या गावच्या केंद्रावर माझ्या नावापुढं भोपळा होता. पण तिनं विचारलेला प्रश्न मी पुढं प्रत्येक सभेत विचारला. सभा म्हणजे काय, जीप उभी करायची, भोंगा लावायचा आणि जे थांबतील त्यांच्याशी बोलायचं. प्रचाराला गाडीचा परवाना काढला की तिच्यात प्रवासी घेता येत नाहीत. त्यामुळं माझ्या धंद्याचे ते दिवस कोरडे जायचे आणि घर सुमनच्या शिवणकामावर चालायचं.

मतदानाच्या दिवशी केंद्रात उमेदवाराचा प्रतिनिधी बसतो. मोठ्या पक्षांचे प्रत्येक केंद्रात असतात. माझी एकच होती, सुमन, आमच्या गावच्या केंद्रात. बाकीच्या प्रतिनिधींना बाहेरून डबे यायचे, थंड पाण्याच्या बाटल्या यायच्या. ती फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन जायची आणि सकाळी मशीन सुरू होण्यापासून सील लागेपर्यंत उठायची नाही. एकदा एक प्रतिनिधी तिला म्हणाला, "ताई, तुमचा माणूस तर पडूनच राहिला. तुम्ही कशाला ताटकळता?" ती म्हणाली, "तुमचा पडल्यावर तुमी घरी जाणार. आमचा पडला तरी पुन्ना इथंच येणार. म्हणून ओळख ठिवून राहिले."

लोक विचारतात, सारखं पडायला वाईट वाटत नाही का. वाटतं. पहिल्या वेळी मतमोजणीला जाताना मला खरंच वाटत होतं की चमत्कार होईल. प्रत्येक माणसाला वाटतं, जो उभा राहतो त्याला. पण मोजणीच्या ठिकाणी एक गोष्ट घडली. फेरी संपली की अधिकारी माइकवरून प्रत्येक उमेदवाराचं नाव आणि मतं वाचतात. मोठ्यांची झाली, मग आमची अपक्षांची सुरू झाली. "ढवळे नामदेव किसन." त्यांनी नाव स्पष्ट, पूर्ण उच्चारलं. पुढं आकडा अगदी बारीक होता, पण तो मी ऐकलाच नाही. तहसीलदार, फौजदार, दोन्हीकडचे पुढारी, सगळे त्या मंडपात होते आणि सगळ्यांना माझ्या बापाचं नाव ऐकावं लागत होतं. प्रत्येक फेरीला. मी शेवटच्या फेरीपर्यंत बसून राहिलो.

मग मी उभा राहतच गेलो. मतं थोडी थोडी वाढली. बाकीच्या गावांतल्या वस्त्यांचीही हीच अडचण होती, ती माणसं माझ्याकडं यायला लागली. आणि एका निवडणुकीत असं झालं की दोन मोठे उमेदवार अगदी बरोबरीला आले आणि माझ्या चिल्लर मतांना अचानक किंमत आली.

अर्ज मागं घ्यायच्या मुदतीच्या आदल्या सकाळी त्यांतल्या एका पक्षाचा तालुक्याचा माणूस माझ्या घरी आला. सगळे त्याला नाना म्हणत. पायातले बूट काढून तो घरात बसला. आजवर असा कुणी बसला नव्हता.

"नामदेवराव, तुमचं काम काय, रस्ताच ना? निवडणूक झाली की जमिनीची मोजणी लावतो. साहेबांचा शब्द हाय. फक्त उद्या तीनच्या आत माघार घ्या."

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. ज्यासाठी इतकी वर्षं घातली ते दारात येऊन बसलं होतं.

"हाच शब्द विहारात येऊन लोकांसमोर देता का?" मी विचारलं.

नाना हसला. "तसं कसं चालंल? रंगरावांच्या भावकीची मतं हायत ना गावात. ती बिथरतील."

"म्हंजे त्यांना अजून सांगितलंच न्हाई?"

"निवडून आल्याव सांगू की."

दुपारी विहारात वस्ती जमली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोरं म्हणाली, काका, माघार घ्या. आमच्या गल्लीतली गयाबाई नावाची म्हातारी होती, फटकळ. ती म्हणाली, "नामदेवा, तुला उभं राह्याची चटक लागली का रस्ता पाह्यजे, ते आधी सांग." हे मला लागलं. कारण तिचं पूर्ण खोटं नव्हतं.

मी म्हणालो, "रस्ता पाह्यजे. पण जो माणूस आज आपल्या विहाराच्या पायरीवर उभा राहून बोलायला भितो, तो उद्या रंगरावांच्या वावरात उभा राहून काय बोलणार?"

पोरं उठून बाहेर गेली. सभा तशीच मोडली. दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत मी जीपमध्ये बसून राहिलो. नानाचे फोन येत होते. सुमन शेजारच्या सीटवर बसली होती. तीन वाजून गेल्यावर ती म्हणाली, "चला, गाडी काढा आता."

निकाल लागला. नानाचे साहेब पडले. जितक्या मतांनी पडले, त्यापेक्षा माझी मतं जास्त होती.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. जो निवडून आला त्यानं मला बोलावून शाल घातली, जणू मी त्याच्यासाठीच उभा होतो. शाल घालतानाचा फोटो पेपरात आला आणि वस्तीला वाटलं, मी विकला गेलो. स्टँडवर नानाच्या माणसांनी माझी जीप नंबरातून काढायला लावली, मी सडकेवर लांब उभा राहून हात करून प्रवासी घ्यायचो. वस्तीत मी दिसलो की बोलणं थांबायचं. गयाबाई वारली तेव्हा तिलाही सडकेच्या कडेलाच न्यावं लागलं. तिच्या नातवानं माझ्याकडं बघून सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या हट्टापायी." मी खांदा द्यायला पुढं झालो होतो. मागं सरलो. सुमननं माझा हात धरला आणि आम्ही दोघं तिरडीच्या सगळ्यात मागून चालत गेलो.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "चुकलं का माझं?"

ती म्हणाली, "मला न्हाई ठाऊक. पण मला तुमी माघार घेतलेले आवडले नसते." बस, एवढंच. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढले.

पुढची निवडणूक आली तेव्हा मात्र वेगळंच घडलं. अर्ज भरायच्या आधीच दोन्ही पक्षांचे लोक आमच्या विहारात आले. उघड, दिवसाढवळ्या, गाड्या घेऊन. एक येऊन गेला की दुसरा. दोघांनीही लोकांसमोर माइकवर रस्त्याचा शब्द दिला. साहेब कशानं पडले ते सगळ्या तालुक्यानं पाहिलं होतं, आणि पुन्हा तसं पडायची कुणाची तयारी नव्हती. गेल्या वेळी शाल घालणारे आमदार तर मतदानापर्यंतही थांबले नाहीत, आचारसंहिता लागायच्या आत रस्त्याच्या मोजणीचा हुकूम निघाला. मी त्याही वेळी उभा राहिलोच. मतं आधीपेक्षा निम्मी पडली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मोजणीच्या दिवशी भूमापनवाले साखळी घेऊन आले. रंगराव धुऱ्यावर काठी टेकून उभे होते, फार थकले होते. लोक पुढं गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

"नामदेव, त्या दिवशी भावकी उभी होती," ते म्हणाले. "मला बोलता आलं न्हाई."

मी तारेकडं बघत राहिलो.

"किसन आमच्या शेतातल्या आखाड्यावर माझ्या जन्माआधीपासून कामाला होता. मला त्यानं खांद्यावर खेळवलं. मी बोलायला पाह्यजे होतं."

"हाव, पाह्यजे होतं," मी म्हणालो.

त्यांनी चहाला बोलावलं. मी गेलो नाही. वडिलांसाठी ज्या रागानं भांडलो तो एका वाक्यानं उतरणारा नव्हता आणि उतरवायची मला घाईही नव्हती. फार पुढं, त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी गेलो. आम्ही दोघांनी कपभर चहा घेतला आणि पावसापाण्याचं बोललो.

रस्ता झाला. मुरूम पडला, नाल्यावर नळ्या टाकल्या, पलीकडं पत्र्याचं शेड आलं. रस्त्याच्या तोंडाशी फलक लागला, त्यावर आमदारांचं नाव, जिल्हा परिषद अध्यक्षांचं नाव, सरपंचांचं नाव. माझं नाही. पोरांनी फलक काढायची भाषा केली. मी म्हणालो, राहू द्या, वाचायला थांबतोय कोण तिथं.

त्या रस्त्यानं पहिली गेली ती सुमन.

तिला बऱ्याच दिवसांपासून शुगर होती, मग किडन्या गेल्या. नांदेडला नेत-आणत होतो, माझ्याच जीपमधून. एके सकाळी दवाखान्यातून परत आणताना तिनं गावाच्या अलीकडं गाडी थांबवायला सांगितली. खिडकीतून नवा रस्ता बघितला. "चांगला झालाय," म्हणाली. आणि आठवड्याच्या आतच गेली. सगळी वस्ती आली, गयाबाईचा नातू पुढच्या खांद्याला होता. कुणी अडवलं नाही, कुणी मधे उभं नव्हतं. चार पावलांवर थांबावं लागेल या जुन्या सवयीनं माझे पाय आपोआप मंद होत होते आणि मागची माणसं म्हणत होती, "काका, चला, चला."

माझ्या मनात एक खंत आहे, ती लिहून टाकतो. हा रस्ता मागता मागता तिची शिवणयंत्रावरची वर्षं गेली. तिला एकदा लेणी बघायला जायचं होतं. मी दर वेळी म्हणायचो, निवडणूक होऊ दे. निवडणुका झाल्या. लेणी राहिली.

त्यानंतर मी ठरवलं, आता बास. गेल्या निवडणुकीत अर्ज नेलाच नाही. स्टँडवरचे लोक विचारत राहिले, "आमदार, यंदा काय?" मी म्हणायचो, "काम झालं." घर खायला उठायचं, पण मी उठलो नाही.

मग त्याच निवडणुकीचे अर्ज भरायचे दिवस चालू असताना एक फोन आला. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातून एक बाई बोलत होती, अनुसया नाव. तिच्या गावात सातवीच्या पुढं शाळा नाही, एसटी गावात येत नाही, पोरी फाट्यापर्यंत चालत जातात. एका पोरीची फाट्यावर छेड काढली, तेव्हापासून गावानं पोरींची शाळाच बंद केली. तिची स्वतःची पोरगी घरी बसली होती. कुणी तरी तिला माझं नाव सांगितलं होतं.

"काका, मला उभं राह्यचंय," ती म्हणाली. "पडणार हाय, ते ठाऊक हाय. पण अर्ज कसा भरत्यात ते सांगा."

मी फोनवर सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. म्हणालो, "मी येतो."

एसटीनं गेलो. अनुसया तिशीतली, बारीक, डोईवर घट्ट पदर. तिच्या सह्या आठच झाल्या होत्या. आम्ही दोघं दारोदार फिरून उरलेल्या दोन मिळवल्या. दहावी सही एका शिपायाच्या बायकोनं केली, नवऱ्याला न विचारता. निवडणूक कार्यालयात अधिकाऱ्यांनी अर्ज तपासला आणि तिला शपथ वाचायला सांगितली. उमेदवाराला उभं राहून, राज्यघटनेशी निष्ठा राखीन अशी शपथ घ्यावी लागते. पहिल्या ओळीला तिचा आवाज चिरकला. ती थांबली. अधिकारी म्हणाले, "सावकाश, बाई." तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी शेजारच्या खोलीतले कारकून वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

बाहेर आलो. दुपारचं ऊन होतं. मोठ्या पक्षाचा उमेदवार ढोल-ताशात येत होता, त्याची माणसं शंभर मीटरच्या रेषेपलीकडं पोलिसांनी अडवली होती.

"काका, आता काय करायचं?" अनुसयानं विचारलं.

"आता मतं मागायची."

"कुणाला? इथं तर सगळी त्यांचीच माणसं."

"जो पहिला भेटंल त्याला."

तिनं इकडं तिकडं पाहिलं. फाटकापाशी एक वयस्कर हवालदार खुर्चीवर बसला होता, टोपी मांडीवर, घामानं बेजार. ती सरळ त्याच्यासमोर गेली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, मी अनुसया. आमदारकीला उभी हाय. आमच्या पोरींना शाळेत जायला एसटी पाह्यजे."

हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. टोपी डोक्यावर घातली आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.

"कोणतं गाव तुमचं?" त्यानं विचारलं.

ती सांगू लागली.